कोरडी चादर

सासऱ्यांना कुशीवर वळवून तिने खालची ओली चादर ओढून काढली. आरशासमोर तिचा नवरा हातवारे करत होता.

"ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं. तसं नवऱ्याने बायकोसाठी द्यावं." तो वळला. "इथे जरा थांबलो तर परिणाम होईल ना गं?"

"होईल. ती धुतलेली चादर द्या जरा."

"हातात कागद आहेत."

तिच्या नवऱ्याचा, म्हणजे मास्तरांचा, आवाज चर्चच्या मंडळीत सगळ्यांना आवडायचा. उद्याच्या उपासनेत संसारातल्या प्रीतीवर बोलायला पाळकांनी त्यांनाच गळ घातली होती. त्यानंतरचं गीत तिने एकटीने म्हणावं, असंही पाळक म्हणाले होते. सासरे अंथरुणाला खिळल्यापासून ती उपासनेला गेलीच नव्हती. डायपरने त्यांच्या अंगावर फोड उठत, म्हणून सारखं लघवीचं भांडं द्यावं लागे, आणि उशीर झाला की चादर भिजे. गाणं राहिलं होतं ते भांडी घासताना, तेही हळू आवाजात. तिला जायचं होतं. इतकं, की तिची तिलाच लाज वाटली.

"तू आलीस तर बाबांकडे कोण बघणार?" मास्तर म्हणाले.

"तुमचं बोलणं झालं की तुम्ही घरी या. मी गाऊन येते."

"मध्येच उठून? लोक काय म्हणतील?"

"दोघंही जा," सासरे अंथरुणातून म्हणाले. "मला काही लागणार नाही. पोरी, तू गाऊन ये."

सकाळी त्यांनी चहा नको म्हटलं. पोट जड आहे म्हणाले. ती साडीला इस्त्री करत होती. तिने फारसं मनावर घेतलं नाही.

मास्तर छान बोलले. वडिलांच्या उशाशी काढलेल्या रात्रींचं त्यांनी असं वर्णन केलं, की बायका डोळे टिपू लागल्या. त्या सगळ्या रात्री मास्तर शेजारच्या खोलीत घोरत असत, हे फक्त तिला ठाऊक. मग ती उभी राहिली. पहिल्या ओळीला आवाज कापला, दुसऱ्या ओळीला मोकळा झाला, आणि गीत संपेपर्यंत ती घर साफ विसरली.

परत आल्या आल्या मास्तरांनी वडिलांच्या पाठीखाली हात घातला.

"ठणठणीत कोरडी! उगाच बाऊ करतेस तू. आता दर रविवारी येत जा. पुढच्या वेळीही मीच बोलणार आहे, त्यागावर."

उशाशी तिने काल संध्याकाळी ठेवलेला पाण्याचा पेला तसाच काठोकाठ भरलेला होता. शेजारचा तांब्याही. सासऱ्यांचे ओठ तडकले होते. ती काही बोलणार, तोच त्यांनी तिचं मनगट धरलं आणि नको म्हणून मान किंचित हलवली.

तिने पेला त्यांच्या तोंडाला लावला. त्यांनी तो एका दमात रिकामा केला. थोडं पाणी हनुवटीवरून ओघळलं. तिने पदराने ते टिपलं आणि पेला पुन्हा भरला.

"पुढच्या रविवारी मी येणार नाही," ती म्हणाली.

"का? मी पाळकांना शब्द देऊन बसलोय." मास्तर चिडलेच. "एवढं घसा फोडून सांगितलं. माझ्यासाठी इतकंही होत नाही तुझ्याच्याने?"

"येईल रे ती," सासरे घाईने म्हणाले. तिने पुढे केलेला दुसरा पेला त्यांनी हाताने दूर सारला. "मला तहानच नसते हल्ली."