जर्मन पंडिताचं दुसरं पान

टपालाची वेळ झाली की टर्लॉ मॅकइनर्नीचं कशातच लक्ष लागत नसे. शाळांमधून आयरिश भाषा ठेवायची की काढायची, यावर डब्लिनला सरकारी चौकशी समिती बसली होती. तिथं एका बड्या प्राध्यापकानं सांगून टाकलं होतं की या भाषेत शिकवण्याजोगं काही नाहीच. तेव्हापासून टर्लॉ आणि त्याचा कॉर्क शहरातला मित्र लॉरकन यांची गुपचूप पत्रापत्री चालली होती. समितीतल्या कोणाच्या कानावर काय घालायचं, कुठल्या परदेशी विद्वानाला गाठायचं, सगळं त्यात ठरायचं.

त्यांनी मत विचारलेल्या, जर्मनीतल्या लाइप्झिगच्या प्रोफेसर रोडेवाल्डचं उत्तर आलं. पहिल्या पानावर आयरिशची अशी थोरवी गायली होती की टर्लॉनं ते उभ्याउभ्याच पुन्हा वाचलं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, शाळांत लावलेलं व्याकरण मात्र चुकांनी बुजबुजलेलं आहे. ते व्याकरण टर्लॉचंच होतं.

त्यानं कळवताच लॉरकन गाडीनं येऊन थडकला. "दुसरं पान चुलीत घाल," तो म्हणाला. "त्यांच्या हातात आपणच काठी द्यायची का?"

तो गेल्यावर टर्लॉ खिडकीपाशी जाई, परत येई, पान उचली, ठेवी. बहीण ऑनर पाव भाजत होती. तिला हे बघवेना.

"भाषेसाठी जाळतोयस की पुस्तकासाठी?"

"तेच कळत नाही मला."

"मग नको जाळूस."

त्यानं दोन्ही पानं समितीकडे धाडली.

सुनावणीत आयरिशला नावं ठेवणाऱ्या त्या डब्लिनच्या प्राध्यापकानं दुसरं पानच तेवढं घोळवून घोळवून वाचलं. लोक हसले. मागच्या बाकावर टर्लॉचे कान तापले. उठून जावं असं त्याला फार वाटलं, पण तो बसून राहिला. मग अध्यक्षांनी विचारलं, आधीचं पान कुठं आहे? तेही वाचावं लागलं आणि वाचणाऱ्याचा आवाज उतरत गेला.

आयरिश शाळांत राहिली. टर्लॉचं व्याकरण मात्र काढून टाकलं. लॉरकनची पत्रं थांबली. टर्लॉनं दोनदा लिहून पाहिलं, उत्तर नाही.

हिवाळ्यात तो आपलंच पुस्तक घेऊन चुकांवर खुणा करत बसू लागला. रोडेवाल्डचं बरंचसं खरं होतं. एका क्रियापदाबाबत मात्र जर्मन साफ चुकला होता. टर्लॉला राहवेना. रोडेवाल्डला लिहायला त्यानं कागद पुढं ओढला.