काचेला टेकलेलं डोकं

गाड्यांच्या धडक-चाचणीतल्या बाहुल्याला आम्ही भाऊजी म्हणतो, कारण कितीही आपटले तरी तोंडातून ब्र काढत नाहीत. त्यांना सीटवर बसवणं हे माझं काम. पाठ ताठ, मान सरळ, नजर समोर, नियमच तसा. मग बाजूने जड गाडा येऊन दारावर आदळतो, छताच्या कडेतून हवेची पिशवी पडद्यासारखी खाली येते आणि भाऊजींचं डोकं वाचतं. सहा वर्षं मी यावर खूश होते.

पण माझी आई अशी बसतच नाही. आठवड्यातून दोनदा मी तिला दवाखान्यात नेते. गाडी फाटकाबाहेर पडली की तिचं डोकं काचेला टेकतं, ते दवाखाना येईपर्यंत. एकदा माझ्या डोक्यात किडा शिरला: तिच्याच बाजूने कुणी धडकलं, तर पिशवी उतरणार कुठून?

"अगं, भाऊजींना काचेला टेकवून धडक घेणं नियमात नाही," आमचे साहेब म्हणाले.

"माणसं तरी कुठे नियमात बसतात?"

"नसत्या चौकशा फार तुला," ते करवादले, पण भंगारात निघालेली एक गाडी दिली.

भाऊजींची मान वाकवून मी त्यांचा कान काचेला लावला.

धडक झाली. चित्रण अगदी सावकाश फिरवून पाहिलं. पिशवी उतरली खरी, पण डोकं आणि काच यांच्या मधून नाही, गाडीच्या आतल्या बाजूने. डोकं काचेलाच राहिलं.

"एका धडकेवरून काही सिद्ध होत नाही," साहेब म्हणाले, पण पुढच्या चाचणीची तारीख त्यांनी तिथेच ठरवली.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्याबसल्या आईला दटावलं, "आजपासून सरळ बसायचं. काचेला टेकून झोपायचं नाही."

"झोपतंय कोण?" आई म्हणाली. "खड्डा आला की कळ येते गं. माझं तोंड वाकडं झालं की तू रस्ता सोडून माझ्याकडेच बघत बसतेस. म्हणून तोंड तिकडे करते."

मला फार लाज वाटली.

"तू सरळ बस," मी म्हटलं. "मी नाही बघणार. शपथ."

ती सरळ बसली. पहिल्याच खड्ड्याला कण्हली. मी वेग कमी केला आणि समोर बघत राहिले.