दोनदा दिलेला पर्याय

"दोनदा कोण कशाला देईल?" असं तो पाच वर्षांपूर्वी हसत म्हणाला होता. आणि आज सकाळी सव्वाअकराला ह्याच गृहस्थानं स्वतःच्या बोटांनी दोनदा दिला.

तो प्रोग्रामर. ज्यांचा आवाज आजारपणात जाणार आहे, त्यांची वाक्यं आधीच रेकॉर्ड करून ठेवायची आणि यंत्राला त्यांच्याच आवाजात बोलायला शिकवायचं, हे त्याच्या ऑफिसचं काम. ह्या वेळी तर सख्खी ताईच होती. उद्या सकाळी आठला तिचं ऑपरेशन, त्यात स्वरयंत्रच काढून टाकणार. दीड महिना ती रोज ऑफिसातल्या रेकॉर्डिंगच्या काचेच्या खोलीत बसून वाक्यं वाचत होती. चौदाशे वाक्यं झाली. चार वर्षांच्या लेकीला आईचा आवाज ऐकू यावा, यंत्रातून का होईना, एवढाच तिचा हट्ट होता.

आज डिस्क काठोकाठ भरली. जागाच नाही म्हणून दुसरी प्रत काढून ठेवणंही दोन महिने बंद पडलेलं. साहेब म्हणाले, जुनं सगळं उडव. त्यानं आपलाच 'साफ' नावाचा प्रोग्राम काढला. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत त्याचं नाव टाइप करायचं, पुढे 'वगळ' हा पर्याय लिहून वाचवायच्या फोल्डरचं नाव द्यायचं, की बाकीचं सगळं जातं. वाचवायची फोल्डरं दोन होती. म्हणून त्यानं लिहिलं, वगळ ताई, वगळ चाचणी. आणि एंटर मारलं.

आता कितीतरी प्रोग्राम असा पर्याय दोनदा दिला की दोन्ही नावं लक्षात ठेवतात. हा दिवसभर तेच वापरतो, बोटांना तीच सवय. पण 'साफ' ह्यानं एका दुपारी घाईत खरडलेला. नाव ठेवायला त्यात जागा एकच. पहिलं नाव आलं, बसलं. दुसरं आलं, त्यानं पहिल्याला उठवलं आणि स्वतः बसलं. प्रोग्रामनं तोंडातून चकार शब्द काढला नाही. डिस्क सांभाळणाऱ्या मित्रानं तेव्हाच विचारलं होतं, "दोनदा दिला तर काय रे होईल?" त्यावर हा शहाणा हसला होता.

चाचणी फोल्डर सहीसलामत राहिलं. त्यात काय होतं? माइक तपासताना ह्यानंच केलेलं "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन." ताईचं फोल्डर गेलं.

तो धावत मित्राकडे गेला, त्याला खुर्चीसकट ओढून आणलं. मित्रानं तासभर खटपट केली, घाम पुसला, पुन्हा केली.

"जागा मोकळी झाल्याबरोबर अडकलेली कामं सुरू झाली रे," तो शेवटी म्हणाला. "तिथे दुसरंच लिहून झालंय. आता नाही मिळायचं."

"बघ ना अजून एकदा. पाया पडतो तुझ्या."

"चारदा बघितलं."

सांगूच नये, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. उद्यानंतर ती ओरडूही शकणार नाही. हे मनात आलं म्हणून त्याला स्वतःची इतकी शिसारी आली की त्यानं लगेच फोन लावला.

ताई पाऊण वाजता आली, हॉस्पिटलची बॅग खांद्यालाच. चार वाजता तिला भरती व्हायचं होतं. त्यानं सगळं सांगितलं, खाली मान घालून.

"दीड महिना घसा फोडला मी," ती म्हणाली. आवाज आधीच चिरका झालेला. "दीड महिना! आणि तू एका बोटानं?"

"ताई, चुकलं गं."

तिनं बॅग उचलून त्याच्या पाठीत हाणली. मग आणखी एक. "रडू नको म्हणालेत डॉक्टर, घसा सुजतो. नाहीतर दाखवलं असतं तुला." आणि तिचे डोळे भरून आलेच. ती वर छताकडे बघत राहिली, ते आटेपर्यंत.

"किती वाक्यं लागतील?"

"यंत्र शिकवायला कमीत कमी तीनशे."

"तीनशे होतील माझ्याच्यानं?"

ती उठून काचेच्या खोलीत गेली. त्यानं वाक्यांची यादी पुढे ठेवली. ती तिनं उलटी करून टाकली. "'निळ्या छत्रीखाली सात घोडे.' हे कुणाला बोलणार आहे मी? जाऊ दे ते यंत्र. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लाव. मी बोलते, तू गुपचूप ठेव."

ती बोलली. ऊठ गं, उशीर झाला. दूध संपव. इकडे ये, वेणी घालू दे. लागलं का? कुठे? काही नाही होत, मी आहे. एकेक वाक्य पाचपाचदा, कधी रागात, कधी हसत, कधी अर्धवट झोपेत म्हणावं तसं. मध्ये आवाज फाटायचा. ती कोमट पाण्याचा घोट घ्यायची, पुन्हा सुरू करायची. साडेतीनपर्यंत बासष्ट झाली आणि घसा बसायला लागला.

आता एकच, म्हणून तिनं एक बोट दाखवलं. मग तिनं "झोप बाळा" म्हटलं. पुन्हा म्हटलं. सात वेळा म्हटलं. पहिल्या सहांत खरखर होती, एकात तर खोकला आला. सातवं मात्र स्वच्छ उतरलं.

काचेपलीकडून त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "ताई, शेवटचं छान आलंय. आधीची काढून टाकू?"

लहानपणी ह्याला चष्मा लागला तेव्हापासून ती त्याला घुबड म्हणायची. अंगठा आणि बोट जुळवून तिनं डोळ्यांभोवती चष्मा धरला, आणि उरलासुरला सगळा आवाज गोळा केला.

"सगळी ठेव, घुबडा."

मग तिनं बॅग उचलली आणि हातानंच चल म्हणून खुणावलं. लाल दिवा अजून चालू होता. त्यानं बंद करण्याआधी पडद्यावर बघितलं. ते वाक्यही आलं होतं, सत्तरावं.