मागितलं तेच मिळालं

“एक घोट तरी घे. ओठ बघ कसे सुकलेत,” म्हणत कंडक्टर बाईनं, डेपोतल्या ‘तोफे’नं, पाण्याची बाटली पुढे केली.

“नको गं ताई. अजून दोन फेऱ्या आहेत,” डेपोतली सगळ्यात धाकटी कंडक्टर म्हणाली आणि बसच्या पायरीवर पोट दाबून बसली.

शेवटच्या थांब्यावर दोघींच्या बसेस एकामागे एक उभ्या होत्या. दोन्ही ड्रायव्हर उतरले, गप्पा मारत कुंपणाच्या भिंतीमागे गेले आणि गप्पा मारतच परत आले. जाताना त्यांनी इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. या दोघी मात्र सवयीनं दुसरीकडे बघत राहिल्या.

डेपोतल्या सगळ्या कंडक्टर बायकांचं हे असंच चाले. सकाळी घरून निघताना चहासुद्धा अर्धाच घ्यायचा, दिवसभर नुसते ओठ ओले करायचे आणि संध्याकाळी घरी पोचलं की चपला दारात भिरकावून आत धावायचं. पूर्वी थांब्याशेजारच्या इस्त्रीवालीकडे जाता यायचं. ती बिचारी कधी नाही म्हणाली नाही, पण तिनं घर बदललं आणि नव्या भाडेकरूंनी बायकांच्या तोंडावर दार लावून घेतलं. डेपोत एक संडास होता, तो पुरुषांचा आणि तोही बिनकडीचा. शिवाय डेपो राहिला गावाच्या दुसऱ्या टोकाला.

धाकटीला मात्र हे बाधलं होतं. लघवीला आग, अंगात कसकस, चार दिवस बरं की पुन्हा तेच. भरपूर पाणी प्या, नाहीतर मूत्रपिंडावर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. नोकरी काय करता ते विचारल्यावर म्हणाले, मग नोकरी बदला. बोलायला काय जातं! घरी अंथरुणाला खिळलेली आई होती आणि डोक्यावर पक्की नोकरी म्हणून घेतलेल्या दोन खोल्यांच्या घराचं भाडं.

“यंदा काही झालं नाही ना ताई, तर मी सोडणार,” ती म्हणाली.

“सोडतेस कशी? उद्या मी जातेय ना बोलायला. अशी डागते बघ, की सगळे उठून उभे राहतील.”

तोफ हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण फोनवर ती स्वतःच “तोफ बोलतेय” म्हणायची. मागच्या दारातून “चला” म्हटलं की घंटी न वाजवता ड्रायव्हर गाडी सोडे, असा आवाज. दारुड्यांना कॉलरला धरून उतरवलेलं, सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालणाऱ्या भल्याभल्यांची बोलती बंद केलेली. तेव्हा बोलायला कुणाला पाठवायचं यावर डेपोत चर्चाच झाली नाही.

यंदापासून परिवहनच्या अंदाजपत्रकात बायकांच्या गरजांसाठी वेगळा वाटा काढायचा, आणि तो कशावर खर्च करायचा हे आधी बायकांनाच विचारायचं, असं वरून आलं होतं. आजवर बायकांसाठी झालेला खर्च म्हणजे पुढच्या दोन बाकांवर रंगवलेली ‘महिलांसाठी’ ही अक्षरं. त्या बाकांवर पुरुषच बसत आणि अक्षरं त्यांच्या पाठीमागे झाकून जात. त्यामुळे विचारणार म्हटल्यावर बायकांना आधी खरंच वाटेना. मग त्यांनी एकमतानं ठरवलं, की फक्त एकच गोष्ट मागायची: शेवटच्या थांब्यावर बायकांचा संडास, आतून कडी असलेला.

दुसऱ्या दिवशी तोफ इस्त्रीचा गणवेश घालून सभागृहात गेली. समोर अंदाजपत्रकाच्या मॅडम होत्या, वयानं तिच्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या, बोलायला गोड. शेजारी परिवहनचे मोठे साहेब. मागच्या खुर्च्यांवर डेपो मॅनेजर, ड्रायव्हर, मेकॅनिक. आणि टेबलाच्या टोकाला, सगळ्यांचं बोलणं उतरवून घ्यायला पेन सरसावून बसलेले तिचे व्याही.

ते हिशेब खात्यात आहेत हे तिला ठाऊक होतं, पण आज नेमके तेच लिहायला बसतील हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. लेकीचं लग्न नुकतंच झालेलं. व्याही म्हणजे देवमाणूस, पण इतका रीतभातीचा की विहीणबाई आल्या म्हणताच आत जाऊन शर्ट चढवणार आणि मगच दारात येणार. त्यांनी तिला पाहून अदबीनं मान लववली.

“बोला ताई, अगदी मोकळेपणानं बोला,” मॅडम म्हणाल्या. “पैसा तुमच्यासाठी आहे. तुम्ही सांगाल ते करू.”

“मॅडम, आम्ही बायका ड्युटीवर दिवसभर पाणीच पीत नाही,” तोफेनं सुरुवात तर दणक्यात केली.

व्याह्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढच्या वाक्यासाठी पेन उचलून तिच्याकडे पाहिलं. पुढचं वाक्य तयार होतं. घरापासून ती ते घोकत आली होती. पण आता तेच वाक्य व्याही आपल्या वळणदार अक्षरात लिहिणार, संध्याकाळी जेवताना घरात सांगणार, आणि लेक त्यांना वाढता वाढता ते ऐकणार, हे सगळं तिला डोळ्यांसमोर दिसलं. मागे कुणीतरी ड्रायव्हर खाकरला. ती गणवेशाचं टोक सारखं करत राहिली.

“का हो? पाणी मिळत नाही का?” मॅडमनी काळजीनं विचारलं.

विचारलं चांगल्या मनानं, पण तोफेला पळवाट मिळाली.

“हो,” ती म्हणाली. “म्हणजे मिळतं, पण उन्हानं तापलेलं. थंड पाणी मिळत नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“बघा, किती साधी मागणी असते बायकांची!” मॅडम साहेबांकडे वळून म्हणाल्या. साहेबांनी खूश होऊन मान हलवली. स्वस्तात सुटलो, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

डेपोत परतल्यावर बायकांनी तिला गराडा घातला. “बोललीस? काय म्हणाले?”

“बोलले. लिहून घेतलंय,” तोफ म्हणाली आणि हात धुवायच्या निमित्तानं बाजूला झाली. वेळ मारून नेली. उद्या सांगू असं तिनं मनाशी म्हटलं, मग परवा. पण बायका इतक्या आनंदात होत्या की कुठल्याच दिवशी तिची जीभ रेटेना. मॅडमना जाऊन भेटावं असंही मनात यायचं, पण व्याह्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय मॅडमच्या खोलीत जाता येत नसे. धाकटीनं तर एका कापडाच्या दुकानातली नोकरी नाकारली. “इथंच सोय होतेय ना आता,” तिनं त्या दुकानदाराला सांगितलं. ते ऐकून तोफेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या उन्हाळ्यात धाकटी चालत्या बसमध्ये तापानं कोसळली. आठवडाभर दवाखान्यात होती. परत कामावर आली त्याच दिवशी शेवटच्या थांब्यावर एक टेम्पो येऊन थांबला. गवंडी आले असतील म्हणून ती लगबगीनं पुढे गेली. हमालांनी दोरी सोडून चकचकीत, उंच, दोन तोट्यांचं थंड पाण्याचं यंत्र खाली उतरवलं.

धाकटी त्या यंत्राभोवती एक फेरी मारून आली. मग हळूच म्हणाली, “ताई, हे तू मागितलंस?”

तोफेनं मान खाली घातली. “व्याही लिहायला बसले होते गं. माझी दातखिळीच बसली.”

शिव्या घाल, भांड, काहीतरी बोल, असं तोफेला आतून वाटत होतं. धाकटी चिडली असती तर बरं झालं असतं.

“असू दे,” धाकटी म्हणाली. “मला तरी कुठे बोलता आलं असतं?”

तिनं महिनाअखेर राजीनामा दिला. कापडाच्या दुकानातली जागा एव्हाना भरली होती. एका वाण्याकडे निम्म्या पगारावर तिला काम मिळालं. घर सुटलं, आईला घेऊन ती एका खोलीत राहायला गेली. तोफ तिला भेटायला गेली तेव्हा धाकटीनं तिच्यासमोर पाणी ठेवलं, आणि स्वतःही पेला भरून घटाघटा प्यायली.

यंत्राचं उद्घाटन थाटात झालं. मॅडम आल्या, साहेब आले, खर्चाचे कागद घेऊन व्याहीही आले. वर पाटी लावली होती: ‘महिला कर्मचाऱ्यांच्या मागणीवरून.’ फीत तोफेच्या हातून कापून घेतली, आणि पहिला पेलाही तिच्याच हातात दिला. फोटोसाठी तिला तो पुरता प्यावा लागला.

“कसं वाटतंय ताई?” मॅडमनी विचारलं.

तोफेनं पेला खाली ठेवला. व्याह्यांकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच तिनं नजर हटवली नाही.

“छान गार आहे, मॅडम. आता मला लघवीला जायचंय. कुठे जाऊ?”

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. साहेब पाटी वाचू लागले. मॅडमनी एकदा कुंपणाच्या भिंतीकडे, एकदा जमलेल्या कंडक्टर बायकांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“अहो, मग तेव्हाच का नाही सांगितलंत? मी मंजूर केलं असतं. खरंच केलं असतं.”

“माहीत आहे,” तोफ म्हणाली. “म्हणून तर जास्त जिव्हारी लागतं.”

यंदाचा पैसा संपला होता. पुढच्या वर्षी नक्की, असं मॅडम पुन्हा पुन्हा म्हणाल्या. व्याह्यांनी खिशातून पेन काढलं, कुणी न सांगता काहीतरी लिहून घेतलं, आणि जाताना “येतो विहीणबाई,” म्हणून नेहमीसारखी मान लववली. त्यांच्या वागण्यात तसूभर फरक नव्हता. ज्यांच्या भिडेनं ती मूग गिळून बसली, त्यांना त्यात काही वाटलंच नव्हतं.

गाड्या गेल्या. ड्रायव्हर भिंतीमागे जाऊन आले. धाकटीच्या जागी आजच रुजू झालेली मुलगी यंत्रापाशी उभी होती. तिनं एक पेला संपवला, दुसरा संपवला.

“कित्ती गार आहे हो ताई! इतकी सोय कुठल्याच थांब्यावर नसेल,” ती हसत म्हणाली आणि तिसरा भरू लागली.

तोफेनं तो भरलेला पेला तिच्या हातातून काढून घेतला.

“एवढं पुरे, बाळ,” ती म्हणाली. “अजून दोन फेऱ्या आहेत.”

मुलगी काही न कळून बघत राहिली. तोफेनं पेल्यातलं पाणी शेजारच्या झाडाच्या बुंध्याशी ओतलं आणि तिला समजावून सांगायला ती तिच्या बसच्या पायरीवर जाऊन बसली.