आड बाजार

सकाळच्या गाडीनं भूपेश नागभीडहून चंद्रपूरला निघाला, तेव्हा मांडीवर उकडलेल्या शिंगाड्यांचं गाठोडं होतं आणि डोक्यात राग. शिंगाडे लेकीसाठी होते, राग बायकोसाठी.

लेक मैना, दुसरीत शिकणारी. बायको भाग्यश्री वर्षभरापूर्वी तिला घेऊन चंद्रपूरला गेली आणि एका शिवणाच्या दुकानात लागली. तिला गाव नको होतं, भूपेशला तळं सुटत नव्हतं. मारझोड नाही, दारू नाही, आणि तरी संसार मोडला. लोकांना याचं फार नवल वाटलं. लोकांना काय, कारण मोठं असलं की बरं वाटतं.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण चढावी लागली. मैना आईकडे राहील, बापानं तिला दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, अकरा ते एक, कोर्टातल्या समुपदेशकाच्या खोलीत भेटावं, असं ठरलं. तिथल्या नाहीद मॅडमनी वाचून दाखवलं आणि वर सांगितलं, "पहिल्या चार भेटी न चुकता झाल्या, तर संक्रांतीनंतर मैनाला दोन दिवस तुमच्या गावी पाठवावं असं मी लिहीन. समजलं ना?"

संक्रांतीनंतर गावात शंकरपट असतो, बैलांच्या शर्यती लागतात, नाटक असतं. लेकीला खांद्यावर बसवून बैलं दाखवायची, एवढंच भूपेशला जगात हवं होतं. तो म्हणाला, "समजलं जी." हो म्हणायला काय जातं!

खरं तर तो आपल्या पद्धतीनं समजला होता. गावात तारीख कोण मोजतं? गावात बाजार मोजतात. शुक्रवारी बाजार, आणि त्यासाठी तळ्यात जाळं टाकायला मच्छीमार सोसायटीच्या दोन टोळ्या. या बाजाराला एकीची पाळी, पुढच्या बाजाराला दुसरीची. याला म्हणायचं आड बाजार. पहिला शनिवार, मग मधला एक सोडून तिसरा, म्हणजे आड बाजारच की! आपल्या पाळीचा बाजार झाला की दुसऱ्या दिवशी लेक. आपल्या डोंग्याच्या, मासेमारीच्या होडीच्या, दोरीला तो दर बाजाराला एक गाठ मारी. दोन गाठी झाल्या की चंद्रपूर.

नोव्हेंबरच्या पहिल्या दोन भेटी अशा सुरेख जमल्या की देवानंच हिशेब बसवून दिलाय असं वाटावं. मैना पहिल्यांदा लाजली, दुसऱ्यांदा त्याच्या तळहातावरचे जाळ्याचे घट्टे मोजत बसली. निघताना म्हणाली, "बाबा, शिंगाडे आणखी आणजो."

पुढच्या दोन गाठी झाल्या, तो शिंगाडे घेऊन गेला. तारीख होती एकोणतीस. खोलीला कुलूप. बाहेरच्या बाकावर तो अकरापासून बसला. वकील आले, गेले. एक म्हातारी शेजारी बसून रडली आणि उठून गेली. दोन वाजले. विचारलं कुणालाच नाही. बायकोनं लेकरू आणलं नाही, हे कोणत्या तोंडानं विचारायचं? तिला फोनही लावला नाही. चूक तिची, मग आपण काऊन लावावा? शिंगाडे परत घरी आले. त्या दिवसापासून घर फार मोठं झालं. दोन खोल्यांचंच घर, पण एकटा माणूस त्यात कुठं कुठं बसणार?

त्यानंतरच्या शनिवारी तो तळ्याच्या बांधावर फाटलं जाळं सांधत बसला होता. फोन वाजला. भाग्यश्रीचं नाव. त्यानं पाहिलं आणि फोन गवतावर पालथा ठेवला. पुन्हा वाजला, पुन्हा. तीनदा. वाजू दे, म्हणाला. वाट पाहणं कसं असते, कळू दे तिले बी.

आणि आज पुन्हा दोन गाठी झाल्या होत्या. आज सोडायचं नाही, नाहीद मॅडमसमोर विचारायचंच, म्हणून तो तरातरा कोर्टापर्यंत आला. तर फाटकच बंद. आत इसरू चौकीदार उन्हात खुर्ची टाकून बसला होता.

"भाऊ, आज कोर्ट बंद काऊन?"

"दुसरा शनवार हाय ना. सुट्टी," इसरू म्हणाला. मग त्यानं गाठोड्याकडं पाहिलं. "तुमी शिंगाडेवाले ना? त्या पोरीचे बाबा? अन् मागच्या शनवारी कुठी होते? पोरगी आलती ना!"

"मागच्या?"

"सहा तारखेले. पह्यला शनवार. ते बाकावर बसून होती एकपर्यंत. मॅडमनं लिवलं बी, वडील गैरहजर."

"मी त्याच्या आधी आलतो. कोणी नोव्हतं."

"एकोणतीसले? थो तर पाचवा शनवार, भाऊ! पाचव्याचं कोण सांगतलं तुमाले?"

पाचवा. महिन्याला पाचवा शनिवार येतो, हे भूपेशच्या दोरीला कधी ठाऊकच नव्हतं. बाजाराला पहिला नसतो नि पाचवा नसतो, नुसता पुढचा असतो.

तो फाटकाला टेकून उभा राहिला. आतला बाक इथून दिसत होता. आधी त्यावर तो बसला होता, पुढच्या आठवड्यात त्याची लेक. कुणीच कुणाला लपवलं नव्हतं. पंधरा दिवस ज्या बाईला त्यानं मनातल्या मनात शिव्या घातल्या, ती बिचारी ठरल्या दिवशी लेकराचा हात धरून आली होती.

त्यानं फोन लावला. भाग्यश्रीनं पहिल्याच रिंगला उचलला. त्यानं शनिवारांचं सगळं कसंबसं सांगितलं.

"विचारायचं होतं ना एकदा," ती म्हणाली. "मी खायले उठली असती का तुमाले? मॅडमले सांगून पाहीन. पण या संक्रांतीचं काई खरं नाई आता. वीस तारखेले या. तिसरा शनवार हाय, वीस तारीख. लिवून ठेवा."

"मैना हाय?"

फोन हातातून हातात गेला. पलीकडं श्वास ऐकू आला.

"बाबा, मी फोन लावला होता तुले. आईच्या फोनवरून. तीनदा."

भूपेशनं फोन कानाशी आणखी दाबला.

"मी रडली नाई," मैना म्हणाली. "आई म्हणे, बाबा पाण्यात असन. हात ओले असले की बाबाले फोन उचलता येत नाई. तू पाण्यात होता ना बाबा?"

फाटकापलीकडं इसरूनं खुर्ची सावलीत ओढली. भूपेशनं गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं.

"हो बेटा," तो म्हणाला. "पाण्यात होतो."

त्या दिवशी त्याचे हात कोरडे होते.