आग्या मोहोळाचा कडा

वैशाखातला रविवार. जाखाईचे शिखर तापल्या तांब्यासारखे आरक्त. गवत जळालेले, आकाश निर्दय निळे. वारा वाहत होता, पण त्यात गारवा नव्हता. होती ती केवळ धग, कातळातून उसासणारी, पावलांना परत फिरा म्हणणारी.

तरी माणसे येत होती. रंगीत टोप्यांची, उन्मत्त गलक्याची रांग लोखंडी शिडीवरून चढत होती.

शिडीच्या पायथ्याशी, करवंदीच्या विरळ सावलीत, घोंगडी अंथरून चिमाबाई मेंगाळ ताक विकत बसे. ती ताक देई; हसू देत नसे. तीन वर्षांपूर्वी अशाच हौशी पाहुण्यांनी कड्याखाली शेकोटी पेटवली होती. धुराने आग्या मोहोळ उठले, आणि मोळी घेऊन निघालेला तिचा नवरा देवराम त्या दंशवर्षावात सापडला. संध्याकाळी चौघांच्या खांद्यांवरून तो निःशब्द खाली आला.

आज निनाद नावाचा एक तरुण मित्रांच्या मागे रेंगाळला. कड्याला टेकून त्याने सिगारेट पेटवली.

“इझव ती. वर मोहळ हाय,” चिमाबाई म्हणाली.

“एवढ्याशा धुरानं काय होतंय, मावशी?”

“माझा नवरा गेलाय त्यानं! इझव म्हनते ना!”

तो हसला. मुद्दाम मान वर करून त्याने धूर सोडला.

कडा गुणगुणला. कडा गरजला. कातळाची काळी कातच जणू सुटली, आणि सहस्रपंखी, सुवर्णवर्णी क्रोध त्याच्यावर कोसळला. तो किंचाळला, डोळे झाकून धावत सुटला. धावत होता तो दरीकडे.

चिमाबाई घोंगडी पांघरून कपारीत शिरली होती. तिने त्याला धावताना पाहिले, आणि पाहतच राहिली. तो एक क्षण तिला गोड लागला, विषासारखा गोड. आणि त्या गोडीनेच ती दचकली.

मग ती उठली. धावली. दरीच्या ऐन काठावर तिने त्याचे पाय धरले, त्याला पालथा पाडला, घोंगडी त्याच्यावर टाकली आणि वर स्वतः पडून राहिली.

“हलू नको, मुडद्या! हलू नको!”

मानेवर दंश, कानांवर दंश, पापण्यांवर दंश. देवरामच्या देहातून गेलेली आग तिच्या देहातून जात होती.

कितीतरी वेळाने कडा निवला. मित्र धावत आले. सुजलेल्या चेहऱ्याने निनाद तिच्या पायांशी वाकला.

“मावशी, चुकलो मी…”

तिने पाय मागे घेतले. एक डोळा मिटलेला, दुसरा निखारा.

“पाया पडू नको. परत ह्या डोंगराव दिसू नको.”

मित्रांच्या आधाराने तो उतरू लागला. गावातून धावत आलेल्या जावेने चिमाबाईला दंडाला धरून उभे केले. तिला उभे राहता आले. ती रडली नाही.

पश्चिम पेटत विझत गेली. शिखराची सावली उतरू लागली, करपल्या रानावरून, नागमोडी वाटेवरून, खाली जाणाऱ्या निनादच्या वाकलेल्या पाठीवरून. लांबत, काळवंडत, दरी भरून टाकत.