निवडून काढलेले दाणे

आमच्या घरात सगळ्यात ठणठणीत कोण, तर कोंबडी. तुरा लालभडक, पिसं तुकतुकीत आणि चाल अशी की गल्ली तिच्या बापाची. सासूबाई तिला मॅडम म्हणतात. मला त्या "अगं ए" म्हणतात.

मी शर्टांच्या कारखान्यात बटनं लावायच्या मशीनवर बसते. सातवा महिना लागला आणि मशीनऐवजी मीच फिरायला लागले. एक दिवस शर्टांच्या ढिगावर सरळ आडवी झाले. मुकादमबाई धावत आली, आधी शर्ट चुरगळलेत का ते बघितलं आणि मग मला पाणी दिलं. तिचंही बरोबर आहे. शर्ट मोजून द्यावे लागतात, बायकांचा हिशोब कोणी मागत नाही.

दवाखान्यात नर्सबाईंनी माझ्या बोटातून रक्ताचा थेंब काढला, यंत्रात घातला, आकडा बघितला आणि मग माझ्याकडे असं बघितलं की जणू बाकीचं रक्त मी परस्पर विकून आलेय.

"खातेस काय?"

"भात."

"आणि?"

"आणि डाळ. डाळ संपली की नुसता भात."

"रेशनचाच ना तांदूळ?"

"नाहीतर काय, माझ्यासाठी विमानानं येतो?"

"मग थोडं तरी वाढायला हवं होतं," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "गोळ्या घेतेस का?"

"तुम्हीच म्हणालात ना, गोळ्या संपल्यात, येतील. दोन महिने त्या येतच आहेत."

यावर नर्सबाईंनी यंत्र पुसायला घेतलं. गोळ्यांची चूक त्यांची नव्हती, पण दवाखान्यात समोर त्याच बसलेल्या असतात, म्हणून सगळ्यांचं ऐकूनही त्याच घेतात. जाताना म्हणाल्या, "हे बघ, पुढच्या तपासणीला रक्त वाढलेलं दिसलं नाही, तर मी इथे तुझं बाळंतपण करणार नाही. सरळ मोठा दवाखाना."

मोठा दवाखाना दगडाच्या खाणीपलीकडे आहे. त्या रस्त्याला रस्ता म्हणणं म्हणजे रस्त्याचा अपमान. माझी नणंद त्याच रस्त्यावर गेली. मी या घरात यायच्या आधीची गोष्ट. कळा सुरू झाल्या, रक्त जायला लागलं, अंगात मुळातच थोडं होतं, आणि गाडी पोचेपर्यंत ती गेली. बाळही गेलं. घरात तिचा एकही फोटो नाही. सासूबाईंना बघवत नाही आणि सांगवतही नाही.

मी घरी येऊन "मोठा दवाखाना" म्हणाले मात्र, सासूबाई होत्या तिथे खाली बसल्या. मग उठल्या आणि तांदूळ निवडायला घेतला.

आता हे निवडणं काय प्रकरण आहे, ते सांगायलाच हवं. सासूबाईंचा जन्म बियाण्यांच्या गोदामात धान्य निवडण्यात गेला. खडा, किडका दाणा, गवताचं बी, काहीही त्यांच्या बोटांतून सुटायचं नाही. परदेशी पाठवायचा माल साहेब मुद्दाम त्यांच्या हाताखालून काढून घ्यायचा. डोळे मिटून परातीत हात फिरवला तरी बोटं नको तो दाणा उचलून बाहेर आणणार. गोदामात आता यंत्र बसलंय आणि सासूबाई घरी बसल्या आहेत. पण बोटांना निवृत्ती कोण देणार? ती घरातल्या तांदळावर सुटली.

त्यातच काही महिन्यांपूर्वी रेशनच्या तांदळात वेगळेच दाणे यायला लागले. जरासे पिवळट, निस्तेज, सगळे एका मापाचे, आणि धुताना वर तरंगणारे. शंभरात एखादाच, पण दिसायचा. झालं! नळावर बोभाटा झाला, तांदळात प्लास्टिक घालतात. सगळ्या बायका दुकानावर चालून गेल्या. रेशनवाल्याचं खरं नाव कोणाला आठवत नाही. काहीही विचारलं तरी तो "वरून आलंय" एवढंच म्हणतो, म्हणून आम्ही त्याला वरूनआलंय म्हणतो. त्या दिवशीही तो तेच म्हणाला. पण कोणीतरी पायातली चप्पल हातात घेतल्यावर त्याला एकदम नवीन वाक्य सुचलं.

"ताई, तेवढे दाणे निवडून टाका ना!"

बाकीच्या बायकांनी दोन दिवस निवडले आणि कंटाळून सोडून दिले. प्लास्टिक तर प्लास्टिक, शिजतंय ना, बास. पण आमच्याकडे धान्य निवडण्यातली महाराणी बसलेली. तिनं एक दाणा आत जाऊ दिला नाही. वाटीभर कचरा निघाला की तो मॅडमपुढे जायचा. मॅडम त्यावर तुटून पडायची. मॅडम अंडं द्यायची. ते अंडं माझ्या नवऱ्याच्या ताटात जायचं, कारण तो कमावता. कमावते मीही, पण माझी कमाई बिनअंड्याची आहे.

तर मोठ्या दवाखान्याचं नाव निघाल्यावर सासूबाई आणखी पेटल्या. दोनदोनदा निवडायला लागल्या. "तुझ्या पोटात काही वंगाळ जायला नको," म्हणायच्या. मी त्यांच्याकडे बघत बसायची आणि मला खरंच बरं वाटायचं. आयुष्यात माझ्यासाठी कोणी एवढं निवडलं नव्हतं.

एका दुपारी नर्सबाई घरी आल्या. माझ्या भातावर त्यांचा विश्वास नव्हता. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं म्हणून आल्या आणि दारातच थबकल्या. मॅडम उंबऱ्याशी वाटीत चोच मारत होती.

"हे काय खातेय ही?"

"कचरा आहे, तांदळातला," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "माझ्या हातून एक सुटत नाही. बघायचंय?" आणि परात पुढे ओढून चार दाणे चुटकीसरशी वेचून नर्सबाईंच्या तळव्यावर ठेवले.

नर्सबाईंनी ते दाणे बघितले. मग माझा चेहरा बघितला. मग मॅडमचा तुरा बघितला. आणि मटकन उंबऱ्यावर बसल्या.

"मावशी, अहो प्लास्टिक नाही हे. तांदळाच्याच पिठाचे दाणे आहेत. त्यात लोह घातलंय, रक्त वाढायला. मुद्दाम मिसळून पाठवतात, सगळ्या घरांसाठी."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतेय. दुकानात पाटी नाही का लावली?"

पाटी होती. वरूनआलंयनं ती छपराला भोक पडलं तिथे ठोकली होती, चित्र आभाळाकडे करून. कावळ्यांना सगळं माहीत होतं.

मला हसू फुटलं. इतकी हसले की पोटातलं लाथा मारायला लागलं. कुठल्या कुठे कोणीतरी साहेबानं माझ्यासाठी लोखंड धाडलं, ते पोत्यातून, ट्रकमधून, दुकानातून बिनबोभाट माझ्या परातीपर्यंत आलं, वाटेत कोणी चोरलंसुद्धा नाही, आणि शेवटच्या हातभर अंतरावर ते कोंबडीनं खाल्लं! आणि कोंबडीतून माझ्या नवऱ्यानं! तो भट्टीवर पाव भाजतो, गाल टोमॅटोसारखे. मला वाटायचं भट्टीची धग आहे.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मॅडमच्या पुढची वाटी उचलली. मॅडमनं त्यांच्या मनगटाला चोच मारली, तरी त्यांनी वाटी सोडली नाही.

नर्सबाईंनी जाता जाता सासूबाईंची पापणी खाली ओढून बघितली आणि म्हणाल्या, "तुमचं तर हिच्याहून पांढरं आहे. तुम्हीही खा. सगळ्यांनी खायचंय, न निवडता."

त्या दिवसापासून घरात निवडणं बंद झालं. निदान मला तरी तसंच वाटलं. वरूनआलंयला मी जाऊन धुतला. तो म्हणाला, "तुमच्या हातात चपला होत्या, मी काय भाषण देत बसू?" पण पाटी काढून त्यानं वजनकाट्यामागे लावली, म्हणजे आता ती निम्मी तरी दिसते. घरी नवऱ्याच्या ताटातलं अंडं माझ्या ताटात आलं. त्यानं एकदा अंड्याकडे बघितलं आणि डाळीत भात कालवायला घेतला. त्याची बहीण त्याला आठवत असणार.

पुढच्या तपासणीला सासूबाईही बरोबर आल्या. नर्सबाईंनी माझं बोट टोचलं, आकडा बघितला आणि पहिल्यांदाच हसल्या. "चढतंय. अजून चढायला हवं, पण चढतंय. इथेच ये बाळंतपणाला." मी त्यांना मिठी मारायला गेले, पण पोट मध्ये आलं.

"आता तुम्ही, मावशी."

सासूबाईंचं बोट टोचलं. नर्सबाईंचं हसू गेलं. "वाढलं नाहीच, उलट उतरलंय. एकाच भांड्यातला भात खाता ना दोघी?"

"एकाच," सासूबाई म्हणाल्या आणि पदरानं बोट पुसत बसल्या.

मी बटनं लावते. चार भोकांतून दोरा कुठून गेला आणि कुठून आला, हे मला कळतं. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातून मधल्या सुट्टीत न सांगता घरी आले. सासूबाई स्वयंपाकघरात परात घेऊन बसल्या होत्या. शेगडीवर शिजलेल्या भाताची दोन पातेली होती, एक मोठं आणि एक लहानसं. परातीतल्या रात्रीच्या तांदळातून बोटं सरसर फिरत होती, पिवळट दाणा आला की उचलून वेगळ्या वाटीत. नवऱ्याच्या वाट्याचे, स्वतःच्या वाट्याचे, सगळे वेचून माझ्या लहान पातेल्यात.

"आई!"

त्या दचकल्या. परात कलंडली.

"हे काय चाललंय?"

"काही नाही. सवय आहे बोटांना."

"सवय? दोन पातेल्यांची सवय? नर्सबाई काय म्हणाल्या होत्या? तुम्ही उद्या चक्कर येऊन पडलात तर माझ्याजवळ कोण बसणार? मॅडम?"

"मला काय धाड भरलीय? माझं झालंय सगळं. तुझं व्हायचंय." आणि मग खाली बघून, सांडलेला तांदूळ गोळा करत, एकदम म्हणाल्या, "तिच्या वेळी असले दाणे नव्हतेच गं. पण असते, तरी मीच काढून टाकले असते."

मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग जास्त कामाचा असतो म्हणून मी तोच वापरला. शिजलेलं लहान पातेलं उचललं आणि सगळंच्या सगळं मोठ्या पातेल्यात उपडं केलं. वरून डाव फिरवला, खालून वर, वरून खाली, गोदामातलं यंत्रही शोधू शकणार नाही असा.

"आता निवडा," म्हटलं.

मग ताट वाढलं, त्यांच्यासमोर ठेवलं आणि पाट ओढून समोर बसले. "तुम्ही खाल्ल्याशिवाय मी घास घेणार नाही. आणि मी उपाशी राहिले तर आत कोण उपाशी राहील, ते तुम्हाला माहीत आहे."

हे बोलणं जरा नीचपणाचं होतं. पण लागू पडलं.

त्यांनी घास घेतला, चावला, आणि मध्येच थांबल्या. जिभेला काहीतरी वेगळं लागलं होतं. हात आपोआप तोंडाकडे गेला आणि दोन बोटांत एक दाणा बाहेर आला, जरासा पिवळट, न मोडलेला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मॅडम दारातून मान लांब करून बघत होती, तिचा हक्क होता तो इतके दिवस.

सासूबाईंनी दाणा परत तोंडात घातला आणि डोळे मिटून नीट चावून खाल्ला. मग मला म्हणाल्या, "अगं ए, जेव आता."